पिकअपमधली गाणी आणि हौद्यावरची थाप

[व्याख्यानमालेत पिरंगुट इथे झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.]



विषय पाहून काही जणांना हसू आलं असेल. व्याख्यानमालेत संत असतात, इतिहास असतो, आरोग्य असतं. आज पिकअपमधला कारटेप. पण समोर बघतोय तर निम्म्या माणसांच्या हातात गाडीची किल्ली आहे. उरवडे रोडच्या कंपन्यांमधून माल भरायचा आणि चाकण, भोसरी, नाहीतर ताम्हिणी उतरून माणगावला टाकायचा, यावर आपल्या भागातली कितीतरी घरं चालतात. जो माणूस दिवसाचे दहा-बारा तास केबिनमध्ये बसतो, त्याच्यासाठी ती केबिन म्हणजे दुसरं घरच. तिथे गाणी चांगली वाजावीत असं वाटणं यात चैन कसली आली?

मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. पण या विषयावर बोलावंसं वाटलं ते एका थापेमुळे. गाडी मागे घेताना मागचा माणूस हौद्यावर हात मारतो, हे तुम्हाला माहीत आहे. थाप पडली की थांबायचं. एका ओळखीच्या ड्रायव्हरने नवीन ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवले होते. गाडी मागे घेताना गाणं चालू राहिलं. थाप पडली, पुन्हा पडली, मागून माणूस ओरडला, आणि गाडी धक्क्याला टेकली. त्या हेल्परचा हात वीतभराने वाचला. त्या गाडीचं वायरिंग मीच केलं होतं. काम नीट केलं होतं, पण काय बसवायचं हे सांगताना चुकलो होतो. त्याने 'आवाज मोठा पाहिजे' म्हटलं, मी मोठा करून दिला. त्याला खरं म्हणजे आवाज स्वच्छ पाहिजे होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आजचं सगळं बोलणं त्या फरकाबद्दल आहे.

कंपनी काय देते

मालवाहू गाडी कंपनी बनवते ती माल वाहायला. बोलेरो पिकअप घ्या, दोस्त घ्या, नाहीतर आपला छोटा हत्ती. गिऱ्हाईक किंमत बघतं, मायलेज बघतं, किती वजन ओढते ते बघतं. त्यामुळे गाण्याची सोय शेवटी येते. कुठल्या मॉडेलला साधा कारटेप आणि दोन स्पीकर मिळतात, तर कुठे डॅशबोर्डमध्ये नुसता खण आणि मागे वायरचा कपलर. स्पीकर असले तरी हलक्या कागदी कोनचे, छोट्या चुंबकाचे. दरवाजा म्हणजे पातळ पत्रा, त्याला आतून प्लॅस्टिकचं किंवा पुठ्ठ्याचं पॅनेल.

मग आपण दुकानात जातो. डब्यावर लिहिलेलं असतं '५० वॉट गुणिले ४'. आपण म्हणतो, वा, २०० वॉट! आता हा हिशेब एकदा करून बघू, फार अवघड नाही. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. कारटेपच्या पोटातली चिप ही बॅटरी जशी आहे तशीच वापरते, व्होल्टेज वाढवत नाही. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून मिळू शकणारी शक्ती काढायची तर १४.४ चा वर्ग करायचा आणि त्याला ८ ने भागायचं. उत्तर येतं जवळजवळ २६ वॉट. हेसुद्धा चिपमध्ये काहीच वाया गेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १५ ते १८ वॉट हातात पडतात. डब्यावरचे ५० वॉट म्हणजे क्षणभराचा, फाटलेल्या आवाजाचा आकडा. डबा घेताना 'आरएमएस' लिहिलेला आकडा शोधा. तो लहान असतो, पण खरा असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग १८ वॉटमध्ये काय होणार? भरपूर होतं. ते कसं, ते समजायला डेसिबल समजून घ्यावा लागेल.

डेसिबलचा उलटा बाजार

भाजीच्या बाजारात पैसे दुप्पट दिले की माल दुप्पट मिळतो. आवाजाच्या बाजारात तसं नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तेवढं जेमतेम कळतं. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट! १८ वॉटच्या जागी ५० वॉटचा ॲम्प लावला तर किती फरक पडतो? साडेचार डेसिबल.

आता दुसरी बाजू बघा. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या डब्यावर संवेदनशीलता लिहिलेली असते. म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. एका स्पीकरचा ८७ असतो, दुसऱ्याचा ९२. फरक ५ डेसिबलचा. म्हणजे ॲम्प लावून जेवढं मिळणार होतं, त्याहून थोडं जास्तच नुसता योग्य स्पीकर निवडून मिळालं. बॅटरीवर एक अँपिअर जास्तीचा भार नाही, नवीन वायर नाही, वायर जळण्याची भीती नाही. ९२ चा स्पीकर १६ वॉटवर १ मीटरला १०४ डेसिबलपर्यंत जातो. केबिनमध्ये एवढा आवाज कुणालाच लागत नाही आणि कुणी ऐकूही नये.

मग गाणी ऐकू का येत नाहीत? कारण गाणं ज्या गोंगाटावर स्वार व्हायचं असतं, तो गोंगाट आधीच मोठा आहे. डिझेल इंजिन, टायर, उघडी खिडकी, खडखडणारा फाळका. भरलेली गाडी चढावर असताना मोबाइलवर मोजून बघा, ७५ ते ८० डेसिबल सहज दिसतात. मोबाइलची मोजणी अगदी काटेकोर नसते, पण अंदाज येतो. गाण्याचे शब्द कळायला गाणं त्या गोंगाटाच्या दहाएक डेसिबल वर ठेवावं लागतं. म्हणजे झाले ९०. त्यातही इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती ढोलकी आणि तबल्याचा डग्गा गिळून टाकते. मग आपण बेस वाढवतो, बेसने आवाज फाटतो, फाटलेला आवाज झाकायला आणखी व्हॉल्यूम. हे चक्र संपत नाही.

कानाचा हिशेब

आपल्याकडे कितीतरी कारखान्यांत प्रेस शॉपमध्ये जाताना कानात बोळे घालायला लावतात. कारखान्यांसाठी ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे धरली जाते. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था त्याहून कडक आहे. ती ८ तासांना ८५ डेसिबल सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात. ती सरासरी कधी नव्वदीच्या घरात असते, तर कधी शंभराच्याही वर जाते. त्याची बातमी होते, चर्चा होते, व्हायलाच पाहिजे. पण ती मिरवणूक वर्षातून एकदा. केबिनमध्ये ९० डेसिबल रोज ऐकणाऱ्याची बातमी कोण देणार?

कान एकदम जात नाही. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी हळूहळू मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ नीट कळेनासे होतात, सायकलची घंटी कळत नाही. माणूस म्हणतो, ऐकू येतं पण समजत नाही. ड्रायव्हरचा कान हे त्याचं हत्यार आहे. बेअरिंग गेलं, बेल्ट घसरतोय, टायरमध्ये खडा अडकलाय, हे चांगला ड्रायव्हर आधी कानाने ओळखतो.

आता इथे आशेची गोष्ट बघा. केबिनमधला गोंगाट ५ डेसिबलने उतरवला तर गाणंही ५ डेसिबलने उतरवता येतं आणि तेवढंच स्वच्छ ऐकू येतं. ९० चं ८५ झालं. वरच्या हिशेबाने ९० डेसिबलला अडीच तास मिळतात, ८५ ला आठ. अडीच तासांचे आठ तास झाले, आणि ॲम्प अजून घेतलेलाही नाही. म्हणून माझं सांगणं असं की पहिला पैसा आवाज वाढवायला नाही, गोंगाट कमी करायला खर्च करा.

पहिलं काम: दरवाजा

दरवाज्याचं पॅनेल उघडलं की आत लोखंडी पत्रा दिसतो आणि त्याला मोठमोठी भोकं. स्पीकर याच दरवाज्यात बसतो. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा ढकलतो, त्याच वेळी मागची हवा ओढतो. दोन्ही बाजूंच्या हवेला भोकांतून एकमेकींना भेटायला वाट मिळाली की खालचे सूर तिथल्या तिथे मिटतात. म्हणजे बेस गेला कुठे, तर दरवाज्यातल्या भोकात गेला! त्यावर वूफर हा इलाज नाही, भोकं बंद करणं हा आहे.

त्यासाठी डॅम्पिंग शीट मिळते. एका बाजूला चिकट रबरासारखा थर, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. बाहेरच्या पत्र्याला आतून ती लावायची. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधला निम्मा भाग झाला तरी पत्र्याची थरथर बसते. पत्र्यावर टिचकी मारून बघा, आधी 'टण्ण' वाजतं, नंतर 'ठप्प'. मग आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद करायची. स्पीकरखाली जाड रिंग बसवायची, तिच्या कडेला फोमची पट्टी. पॅनेल जिथे पत्र्याला घासतं तिथेही फोम.

एक गोष्ट मात्र मुळशीत राहणाऱ्याने विसरू नये. खिडकीच्या काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाज्यात जातंच, ती रचनाच तशी आहे. ते पाणी दरवाज्याच्या तळाच्या छोट्या भोकांतून खाली गळतं. ती भोकं शीटने किंवा सिलिकॉनने बुजवली तर जुलैमध्ये दरवाजा हंड्यासारखा भरतो, पत्रा सडतो आणि स्पीकर बुडतो. वरची भोकं बंद, तळाची भोकं उघडी. आत प्लॅस्टिकचा कागद असेल तर तो फाडून टाकू नका. स्पीकरही कागदी कोनचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, ओलाव्याला टिकतो.

दरवाज्याबरोबर आणखी बारीक कामं आहेत. दरवाज्याचं जुनं, चपटं झालेलं रबर बदला. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात वायरी जातात, तिथली रबरी बुचं जागेवर आहेत का बघा. पायाखाली जाड मॅट टाका. हौद्याच्या फाळक्याच्या कडीला रबराचा तुकडा लावा. यातलं एकही काम महाग नाही. एसी नसलेल्या गाडीत उन्हाळ्यात काच बंद ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही, मलाही घाम येतो. पण पावसात आणि थंडीत काच वर असताना या कामाचा फरक लगेच कळेल.

दुसरं काम: स्पीकर आणि ट्विटर

दरवाज्यातला स्पीकर आपल्या गुडघ्यापाशी वाजतो. वरच्या पट्टीचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, पायाला आणि सीटला अडतात. म्हणून शब्द कळत नाहीत. कंपोनंट स्पीकरमध्ये ट्विटर वेगळा मिळतो. तो डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा काचेच्या खांबावर, कानाकडे तोंड करून बसवा. खांबावर बसवताना नजर अडणार नाही हे बघा. ट्विटरची जागा बदलल्यावर लोक म्हणतात, 'नवा टेप लावला का?' टेप तोच असतो.

जोडताना आणखी एक चूक फार होते. स्पीकरला अधिक आणि उणे अशी दोन टोकं असतात. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि पुन्हा बेस गायब. हे तपासायला महागडं यंत्र नको. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक वायरीला लागलं की कोन बाहेर येतो. दोन्ही स्पीकर तपासा. फक्त त्या वेळी वायर कारटेपमधून काढलेली हवी.

आणि गाडीची मूळ वायर कापू नका. मागचा कपलर जुळवायला तयार जोड मिळतो, तो वापरा. पुढे गाडी विकताना, नाहीतर वॉरंटीच्या काळात काही बिघडलं तर मूळ वायरिंग शाबूत असलेलं कधीही बरं.

तिसरं काम: ॲम्प, पण वायरीपासून

इतकं करूनही कुणाला ॲम्प हवा असेल तर जरूर घ्या. १८ वॉटच्या कारटेपला जोर लावायला लागला की आवाज फाटतो. ॲम्प असला की तोच आवाज आरामात निघतो. लहान क्लास-डी ॲम्प, चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॉट आरएमएस, पुष्कळ झाला. तो किती वीज खातो? २०० वॉट बाहेर द्यायला साधारण २५० वॉट आत लागतात. १३.८ व्होल्टने भागा, १८ अँपिअर. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. म्हणजे ॲम्प पूर्ण जोरात असताना तुमच्या गाडीला आणखी दोन जोड्या हेडलाइट लावल्यासारखं झालं.

एवढी वीज कारटेपच्या वायरीतून घ्यायची नसते. बॅटरीपासून थेट वेगळी वायर आणायची. अडीच चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर टाकली तर २० अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वायरीतच जळतो, वायर तापते. ८ चौरस मिलिमीटरची टाकली तर फक्त ०.२ व्होल्ट जातो. वायर तांब्याचीच घ्या. बाजारात वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम अशी वायर स्वस्तात मिळते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्यूज. बॅटरीच्या अधिक टोकापासून दोन वितींच्या आत फ्यूज पाहिजेच. पुष्कळ जण फ्यूज ॲम्पजवळ बसवतात आणि समाधान मानतात. फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. समजा बोनेटमधून येणारी वायर पत्र्याच्या कडेला घासली, वरचं प्लॅस्टिक कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज बॅटरीजवळ असेल तर तो उडतो, गाणं बंद, विषय संपला. फ्यूज पलीकडे ॲम्पपाशी असेल तर मधली चार मीटर वायर लालबुंद होते, तीही तुमच्या पायाखाली. एक गाडी माझ्याकडे अशीच आली होती, घाटातून टोचन करून. मॅटखालून धूर निघाला, ड्रायव्हरने बॅटरीची वायर उपटली म्हणून गाडी वाचली. दुसरीकडे कुठेतरी घाईत काम करून घेतलं होतं. फ्यूज होता, पण चुकीच्या टोकाला. आणि पत्र्याच्या भोकाला रबरी बूच नव्हतं.

म्हणून चार गोष्टी पाठ करा. बॅटरीजवळ फ्यूज. पत्र्यातून जाताना रबरी बूच. वायरीवर लवचिक नळी, आणि ती सायलेन्सर व स्टिअरिंगच्या भागांपासून लांब बांधलेली. आणि अर्थिंग घट्ट: रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, लग लावून, बोल्टने आवळून. गाणं चालू असताना ॲक्सिलरेटरबरोबर 'घुंई' असा आवाज वर-खाली होतो ना, तो बहुतेक वेळा ढिल्या अर्थिंगचा असतो. बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने न्या, कारटेपकडून ॲम्पकडे जाणारी सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने.

सकाळी सेल्फ का लागत नाही

कंपनीच्या गेटवर नंबर लागेपर्यंत तीन-चार तास जातात. इंजिन बंद, गाणी चालू. ॲम्पसह मध्यम आवाजात ५ अँपिअर धरा. चार तासांत २० अँपिअर-तास गेले. बॅटरी ६० अँपिअर-तासांची आणि नवी असेल तर चालून जाईल. तीन वर्षांची असेल तर तिच्यात खरे ३५ च उरलेले असतात. निम्म्याहून जास्त वीज गाण्यात गेली की सेल्फ 'टक' करतो आणि गप्प बसतो. मग ढकला भरलेली गाडी!

साधा मल्टिमीटर जवळ ठेवा. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.२ दिसले की गाणी बंद. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. कमी येत असतील तर ॲम्पचा विचार सोडा, आधी अल्टरनेटर दाखवा. कारटेपच्या मागे पिवळी वायर कायम चालू असते, लाल किल्लीवर चालू होते, काळी अर्थिंगची, आणि ॲम्पला 'उठ' सांगणारी निळी. निळीच्या ऐवजी ॲम्प पिवळीवर जोडला तर तो रात्रभर जागा राहतो. बॅटरी रोज उतरत असेल तर आधी हे तपासा.

शेवटचं काम: जुळवणी आणि थाप

ॲम्पवर 'गेन' नावाचा खिट्टा असतो. तो व्हॉल्यूम नाही. कारटेप पाऊण आवाजावर ठेवा, गेन हळूहळू वाढवा, आवाज किंचित फाटायला लागला की थोडा मागे घ्या. झालं. दरवाज्याच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचे सूर देऊ नका, ॲम्पवर तशी फिल्टरची सोय असते. छोट्या स्पीकरने ते सूर वाजवायचा प्रयत्न केला की बाकीचं गाणं बिघडतं. पेंड्राइव्हमध्ये दोन हजार गाणी मावावीत म्हणून ती दाबून-दाबून भरलेली असतील तर कुठलाही स्पीकर त्यांना सुधारू शकत नाही. गाणी कमी ठेवा, चांगल्या दर्जाची ठेवा. आणि ताम्हिणीकडे निघालात की पुण्याचं एफएम डोंगराआड जातं, तो दोष टेपचा नाही. त्या लहरी सरळ रेषेत चालतात, डोंगर आडवा आला की संपल्या.

यानंतर एक परीक्षा घ्या. गाडी उभी करा, इंजिन चालू, काच वर, नेहमीच्या आवाजात गाणं. घरातल्या कुणालातरी मागे उभं करा आणि हौद्यावर नेहमीसारखी थाप मारायला सांगा. ऐकू आली नाही तर आवाज एकेक आकड्याने खाली आणा. ज्या आकड्यावर थाप स्पष्ट ऐकू येते, तो तुमच्या गाडीचा आकडा. त्याच्या वर जायचं नाही. आणि रिव्हर्स टाकला की गाणं बंदच. काही कारटेपला 'म्यूट'ची वायर असते, रिव्हर्सच्या दिव्यावरून रिले लावून ती जोडता येते. रिव्हर्स पडला की गाणं आपोआप गप्प. ज्या गाडीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिला मी हेच करून दिलं. वूफर त्याने स्वतःच काढला.

नियमांबद्दल दोन वाक्यं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. केबिनमधलं गाणं केबिनमध्ये राहिलं तर कुणाची तक्रार नसते. सीट काढून बॉक्स बसवणं, हौद्यावर स्पीकरची भिंत उभी करणं, याने पासिंगला अडचण येते आणि रस्त्यावर दंडही होतो. शिवाय आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न वायरिंगचाच विचारते.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: काका, सबवूफर अजिबात बसवायचाच नाही का?

उत्तर: बसवा की, पण शेवटी. एका केबिनच्या पिकअपमध्ये सीटमागे जागा नसते. सीटखाली मावणारा चपटा, आठ इंची, आतच ॲम्प असलेला वूफर मिळतो. काही गाड्यांत सीटखालीच इंजिन किंवा बॅटरी असते, तिथे तो बसवायचा नाही. उष्णता आणि वायर एकत्र नकोत. आधी दरवाज्याचं काम करा, महिनाभर ऐका. दहापैकी सात जण परत येऊन म्हणतात, आता वूफर नको.

प्रश्न: आमचे हे गाडीच चालवतात. घरी आले की टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी बोलतात. याचा संबंध असेल का?

उत्तर: ताई, असू शकतो. टीव्ही मोठा लावणं, 'काय म्हणालीस' असं सारखं विचारणं, रात्री कानात शिट्टी वाजणं, या खुणा आहेत. चिडू नका, त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही श्रवण तपासणी होते. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. जितक्या लवकर कळेल तितकं चांगलं.

प्रश्न: माझ्याकडे पैसे थोडेच आहेत. एकच गोष्ट करायची तर कुठली?

उत्तर: आहे तोच टेप ठेव. दोन्ही दरवाजे उघडून डॅम्पिंग शीट लाव, वरची भोकं बंद कर, तळाची उघडी ठेव. आणि सेल लावून स्पीकर उलटे तर जोडलेले नाहीत ना, ते बघ. एवढं कर आणि मग मागे कुणाला तरी थाप मारायला सांग. गाणंही ऐकू येतंय आणि थापही, असं झालं की समज काम जमलं.

बाहेर गाड्या लावल्यात, ज्यांना दरवाजा उघडून बघायचाय त्यांनी या. पाना आणि सेल माझ्याकडे आहे.